सूज चढते ती नंतर

(दृश्य : तान्ह्या बाळाची ओठांबाहेर आलेली जीभ)

जवळून पाहा. जिभेवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बारीक फोड आहेत. काही पारदर्शक, काही आत रक्त उतरल्यानं जांभळे. हा कर्करोग नाही. गर्भात असतानाच लसवाहिन्यांची, म्हणजे शरीरात पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिकांची, घडण बिघडली आणि ही गाठ झाली. डॉक्टर तिला लिम्फॅटिक मालफॉर्मेशन म्हणतात. साधी सर्दी झाली तरी ती फुगते.

गाठीत मोठ्या पोकळ्या असतील तर सुईनं औषध टोचतात. जपानमधले ओगिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ओके-४३२ या औषधाचा असा वापर मांडला. त्यात पेनिसिलिननं निष्प्रभ केलेले स्ट्रेप्टोकोकस जंतू असतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, दाह होतो, ताप येतो आणि त्या दाहातच पोकळी आक्रसते. म्हणजे सूज हा इथे अपघात नाही, औषध कामाला लागल्याची ती खूण आहे. मानेच्या कडेला ती आली तर सोसता येते. जिभेच्या मुळाशी आली, तर मागेच श्वासाची वाट असते. आईवडिलांना हे सुई टोचण्याआधी सांगायलाच हवं.

बारीक फोडांवर लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे विद्युतलहरींची ऊर्जा, वापरतात. तिथेही शस्त्रक्रियागृहात सगळं ठीक दिसतं. सूज चढते ती नंतर, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी.

(दृश्य : अतिदक्षता विभाग, रात्र)

म्हणून गाठ मोठी असेल तर भूलतज्ज्ञ श्वासाची नळी लगेच काढत नाहीत. स्टिरॉइड देतात, थांबतात. काढण्याआधी नळीच्या फुग्यातली हवा सोडून कान देतात : कडेनं हवा सुटल्याचा आवाज येतो का? कारण नळीही आतून घासते. तान्ह्या बाळाच्या स्वरयंत्राखालची वाट जेमतेम ४ मिलिमीटरची. चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, की तिचा तीन चतुर्थांश भाग बंद.

जीभ घसाच व्यापत असेल, तर काही मुलांना आधीच ट्रेकिऑस्टॉमी करावी लागते. गळ्याला छेद म्हटलं की घरचे हादरतात, आणि ते साहजिक आहे. पण जिभेवर कितीही सूज आली तरी त्या छेदातून श्वास चालू राहतो.

घरी आल्यावर लाळ गिळता येत नसेल, श्वासाला घरघर असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. बाळाला आडवं करू नका, उभं धरा. १०८ ला फोन लावा आणि जिभेवर उपचार झालाय, हे पहिल्याच वाक्यात सांगा.