कुर्त : दुधाचा खडा

(दृश्य : अंगणात चटईवर वाळत घातलेले पांढरे गोळे)

हातात घेतला तर खडाच वाटतो. दातांनी सहजी फुटत नाही. गालात धरून चघळत राहायचं, मग सावकाश आंबट-खारट चव सुटते. कझाकस्तानच्या गवताळ माळावर याला कुर्त म्हणतात.

आंबवलेलं दूध मंद आचेवर उकळत ठेवायचं. पाणी वेगळं झालं की कापडी पिशवीत भरून टांगायचं. निथळून उरतो तो गोळा थेट आपल्या चक्क्यासारखा. पण आपण साखर घालतो, इथे मीठ पडतं. मग मुठीत दाबून उन्हात वाळवण. जरा जवळून बघा. या गोळ्यावर करणारीच्या बोटांचे वळ तसेच राहिलेत.

कळपांमागे फिरणाऱ्यांकडे उन्हाळ्यात दूध उदंड, हिवाळ्यात टंचाई. थंडीत हाच कुर्त गरम रश्श्यात विरघळवून पितात.

(दृश्य : बर्फ, गोठलेलं तळं, काठावर बोरूचं रान)

हे अकमोल. राजधानी अस्तानापासून चाळीसेक किलोमीटरवर. १९३८ साली सोविएत सत्तेने इथे बायकांची छावणी उघडली. नवरा ‘देशद्रोही’ ठरला, एवढाच त्यांचा गुन्हा. ऐन थंडीत त्यांना तळ्यावर बोरू कापायला नेत.

तिथल्या एका कैदी बाईंनी पुढे सांगितलेली ही आठवण. एकदा गावातली म्हातारी माणसं आणि पोरं तळ्याकाठी आली आणि बायकांवर दगड फेकू लागली. पहारेकरी हसले : बघा, इथेही तुम्ही कुणाला नकोच आहात! एक बाई अडखळून पडली. तोंडाशी आलेल्या त्या दगडांना दुधाचा वास येत होता. तिने ते लपवून बराकीत आणले. तिथल्या कझाक कैदी बायकांनी लगेच ओळखलं. कुर्त!

मला यात सर्वांत मोठं वाटतं ते वेगळंच. काही वर्षांपूर्वीच याच माळावरची जनावरं सरकारने काढून नेली होती. त्यातून आलेल्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक माणसं उपाशी मेली. तळ्याकाठी आलेल्या म्हाताऱ्यांनी ते दिवस काढले होते. कुर्ताला दूध लागतं, दुधाला जनावर. घरात जे थोडंथोडकं होतं, त्यातलंच त्यांनी आणलं.

पहारेकऱ्यांदेखत भाकरी देता आली नसती. दगड मारता येत होता.