मधल्या निचऱ्याची काळी जमीन

मंडळी, चिबड जमिनीबद्दल सगळे बोलतात, कारण तिथे पीक सडतं. उत्तम निचऱ्याच्या जमिनीबद्दलही बोलतात, कारण तिथे पीक येतं. या दोन्हींच्या मधोमध जी जमीन आहे, जिला धड कोरडीही म्हणता येत नाही आणि धड पाणथळही नाही, तिच्याकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही. माझं मत असं, की मातीच्या वर्गीकरणाची खरी परीक्षा अशाच जमिनीत होते. टोकाच्या गोष्टींना नाव कोणीही देतो.

आज ज्या मातीबद्दल बोलायचं ती अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या मध्यभागातली. फ्लॅनेगन तिचं नाव. शिकागोहून दक्षिणेला निघालं की शँपेन आणि अर्बाना ही जोडगावं लागतात. त्यांच्या आसपास मैलोनमैल मका आणि सोयाबीन. जमीन इतकी सपाट, की पाणी कुठल्या बाजूला वाहतं हे विचारावं लागतं. अमेरिकी मृदा सर्वेक्षणात निचऱ्याचे सात वर्ग आहेत. अतिशय जास्त निचऱ्यापासून अतिशय कमी निचऱ्यापर्यंत जाताना फ्लॅनेगन पाचव्या पायरीवर बसते. तिचा निचरा ‘काहीसा अपुरा’. वसंत ऋतूत भूजल साधारण एक ते दोन फुटांपर्यंत वर येतं आणि पीक वाढीला लागलं की खाली जातं. म्हणजे पाणी साचतं ते नेमकं पेरणीच्या तयारीच्या दिवसांत, शेतकरी वाफशाची वाट पाहत असतो तेव्हा.

ही माती आली कुठून? शेवटच्या हिमयुगात बर्फाचा पत्रा या भागापर्यंत उतरला होता. तो मागे हटला तेव्हा दगड, वाळू, चिकणमाती असा सगळा मिसळलेला चुनखडीयुक्त राडारोडा मागे राहिला. मग नद्यांच्या कोरड्या पात्रांतून वाऱ्याने बारीक पोयटा उचलला आणि त्या राडारोड्यावर पसरला. या वाऱ्याच्या मातीला लोएस म्हणतात. फ्लॅनेगनमध्ये तिचा थर एक मीटरहून जाड असतो. नदीपासून जसजसं दूर जावं तसतसा हा थर पातळ होत जातो, हे गाय स्मिथ या मृदाशास्त्रज्ञाने १९४२ साली इलिनॉयमध्येच दाखवून दिलं. हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला ते पुन्हा लागणार आहे.

त्या लोएसवर हजारो वर्षं गवत वाढलं. माणसाच्या डोक्यावरून जाणारं ब्लूस्टेम, इंडियन ग्रास. जंगलात पालापाचोळा वरून पडतो. गवताचा बराचसा जीव जमिनीच्या आत असतो, मुळं मरतात तीही आतच. म्हणून इथला काळेपणा खोलवर गेला आहे. इलिनॉयमध्ये असा गवताळ प्रदेश दोन कोटी एकरांच्या वर होता. आज मूळ रूपातला शिल्लक आहे तो रेल्वेच्या कडेला, जुन्या दफनभूमीत, तुकड्यातुकड्यांनी.

फ्लॅनेगन एकटी कधीच भेटत नाही. किंचित उंचवट्यावर, पाणी उतरून जातं तिथे, कॅटलिन नावाची माती असते. सखल भागात ड्रमर, खरी पाणथळ, इलिनॉयची राज्यमाती. या दोघींच्या मधल्या सपाटीवर फ्लॅनेगन. तिघींचं हवामान एक, गवत एक, वरचा लोएसही एकच. वर-खाली फरक फार तर मीटर-दोन मीटरचा, गाडीतून जाताना कळणारही नाही असा. तरी वर्गीकरणात त्या तीन वेगळ्या जागी पडतात आणि तो फरक पाण्याने केलेला आहे.

आता खड्ड्यात उतरू. वरचा फूट-दीड फूट थर काळा, ओला असताना जवळजवळ डांबरासारखा. हातात घेतला की रव्याळ, भुसभुशीत. यात चिकणमाती साधारण पाव हिस्सा, बाकी बहुतेक पोयटा. सेंद्रिय पदार्थ चार-पाच टक्के. त्याखाली रंग बदलतो. करडा-तपकिरी गाभा, आणि त्यात पिवळट तांबूस ठिपके. या थरात चिकणमाती एकदम वाढते, पस्तीस टक्क्यांच्या वर जाते. ढेकूळ हलक्या हाताने फोडलं तर त्याच्या कडेवर पातळ, तुळतुळीत साय दिसते. वरून पाण्याबरोबर उतरलेली चिकणमाती ती. जुन्या मुळांच्या वाटा नीट पाहिल्या तर काही ठिकाणी कडेला फिकट करडी पट्टी आणि तिच्या बाहेर नारिंगी कड. मधूनच मॅंगनीजच्या काळ्या गोळ्या, छऱ्याएवढ्या. आणखी खाली, मीटर-सव्वा मीटरवर, लोएस संपतो आणि हिमनदीचा राडारोडा लागतो. तिथे सौम्य आम्ल टाकलं की फसफसतं, कारण चुना अजून धुऊन गेलेला नाही. वरच्या भागातला तो पावसाने कधीच नेला आहे. वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे.

हे ठिपके म्हणजे या मातीची सगळी कुंडली आहे, म्हणून इथे जरा थांबतो. माती पाण्याने भरली की हवा आत जात नाही. जीवाणू उरलेला ऑक्सिजन संपवतात, पण त्यांचं खाणं थांबत नाही. मग ते श्वसनासाठी नायट्रेट वापरतात, त्यानंतर मॅंगनीज, त्यानंतर लोह. मातीतलं तांबूस लोह असं वापरलं गेलं की ते विद्राव्य होतं, पाण्याबरोबर सरकतं आणि मागे राहते ती नुसती करडी माती. हेच लोह पुढे जिथे हवा भेटेल तिथे पुन्हा गंजतं, म्हणून नारिंगी ठिपका. यासाठी पाणी नुसतं साचून चालत नाही. जीवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ हवा आणि ते जागे राहतील इतकी ऊबही हवी. ऐन ओल्या दिवसांत ताजं ढेकूळ फोडून त्यावर डायपिरिडिल नावाच्या रसायनाचे थेंब टाकले, तर विद्राव्य लोह असेल तिथे काही क्षणांत गुलाबी-लाल रंग चढतो. मात्र उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तीच चाचणी करा, काही दिसणार नाही. ठिपके मात्र तेव्हाही दिसतात. म्हणून सर्वेक्षक रसायनापेक्षा रंगावर जास्त विसंबतो आणि मातीचा रंग ताडून पाहायचं मन्सेलचं रंगपुस्तक खिशात बाळगतो.

पण गवताळ मातीत एक गोची आहे. वरचा थर इतका काळा, की त्यात करडेपणा आला तरी तो झाकला जातो. ह्यूमसने, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाने, सगळं एका रंगाचं करून टाकलेलं असतं. म्हणून खरा पुरावा काळ्या थराच्या लगेच खाली शोधावा लागतो. तिथे गाभाच करडा असेल, पाण्याचं राज्य असेल, तर ड्रमर. थोडा वेळ ओली राहिल्याची खूण असेल पण गाभा पूर्ण करडा नसेल, तर फ्लॅनेगन.

जुन्या पद्धतीत या मातीची पंचाईत होती. १९३८ च्या अमेरिकी वर्गीकरणात हवामानानुसार बनणाऱ्या माती एका बाजूला आणि पाण्यासारख्या स्थानिक कारणाने बनणाऱ्या दुसऱ्या बाजूला. कोरडी ती ‘प्रेअरी माती’, ओली ती वेगळ्याच गटात. पुढे प्रेअरी मातीला ब्रुनिझेम हे नाव मिळालं, पण मधल्या मातीला स्वतःचं घर मिळालं नाही. ‘ही ब्रुनिझेम, पण ओलीकडे झुकणारी’ असं शेपूट लावून काम चालवलं जाई. मग तोच गाय स्मिथ नव्या पद्धतीचा प्रमुख झाला. १९६० साली तिचा सातवा मसुदा छापला गेला आणि १९७५ साली पूर्ण ग्रंथ आला. माती कशी बनली असेल या तर्काऐवजी मोजता येतील अशा गुणधर्मांवर ती उभी केली. मला हे पाऊल योग्य वाटतं. ती पद्धत वाचायला मात्र कंटाळवाणी आहे, हेही कबूल.

नव्या पद्धतीत फ्लॅनेगनचं पूर्ण नाव आहे ‘फाइन, स्मेक्टिटिक, मेसिक अ‍ॅक्विक आर्जियुडॉल’. हे शेवटाकडून वाचायचं. ‘ऑल’ म्हणजे मॉलिसॉल, काळ्या, मऊ, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेल्या वरच्या थराची माती. ‘युड’ म्हणजे पुरेसा पाऊस, ‘आर्जि’ म्हणजे खाली उतरून साचलेली चिकणमाती. ‘अ‍ॅक्विक’ म्हणजे पाण्याचा, आणि इथे आपल्या कामाचा शब्द तोच. वरच्या ७५ सेंटिमीटरच्या आत लोह निघून गेल्याच्या करड्या खुणा हव्यात आणि साधारण वर्षात काही काळ तिथे पाणी साचायला हवं. ड्रमरमध्ये हेच पाणी नावाच्या वरच्या पायरीवर जातं, ती अ‍ॅक्वॉल होते. म्हणजे मधल्या मातीत पाणी विशेषण म्हणून येतं आणि पाणथळ मातीत नाम म्हणून. बाकीचे शब्द चिकणमातीचं प्रमाण, तिचा प्रकार आणि तापमान सांगतात.

त्या नियमात कंसातले दोन-तीन शब्द मी मुद्दाम वगळले. तो नियम म्हणतो, पाणी साचायला हवं, ‘किंवा कृत्रिम निचरा केलेला असावा’. या शब्दांवरच आजचं व्याख्यान उभं आहे. कारण मध्य इलिनॉयमध्ये शेताखाली नळ्यांचं जाळं आहे. १८७९ साली तिथे निचऱ्याचा कायदा झाला, शेजाऱ्यांनी मिळून चर काढायची सोय झाली आणि भाजलेल्या मातीच्या नळ्या गाडल्या जाऊ लागल्या. आता त्यांची जागा छिद्रांच्या प्लॅस्टिक पाइपांनी घेतली आहे. त्यामुळे फ्लॅनेगनमध्ये आज पाणी पूर्वीइतकं वर थांबत नाही. तरी तिचा निचरा ‘काहीसा अपुरा’ आणि ती ‘अ‍ॅक्विक’च. पाटीलकी जाऊन पिढ्या झाल्या तरी आडनाव पाटीलच राहतं, तसं.

हे चुकीचं आहे का? आक्षेप खरा आहे. करडे डाग जुन्या काळचे असू शकतात आणि रंग नेहमी आजचं पाणी सांगत नाही. पण नळी बुजली, मुळांनी भरली किंवा तिचं तोंड ओढ्याच्या गाळाखाली गेलं, की पाणी परत येतं. निचरा हा मातीचा गुण नाही, तो शेतकऱ्याचा चालू खर्च आहे. खर्च थांबल्यावर जमीन कशी वागेल हे नावात असलंच पाहिजे. मी या बाबतीत कंसातल्या शब्दांच्या बाजूने आहे.

आपल्याकडे नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था हीच पद्धत वापरते. म्हणून विदर्भातली काळी भारी जमीन आणि फ्लॅनेगन एका फुटपट्टीने मोजता येतात. दोघी काळ्या, पण आपल्या काळीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आत असतो. तिच्या वागण्यावर फुगणाऱ्या चिकणमातीची सत्ता आहे, म्हणून ती व्हर्टिसॉल. शिरोळ भागात उसाखालच्या चिबड जमिनीत छिद्रांचे पाइप घातले जातात, ते साधन इलिनॉयसारखंच. पण तिथे क्षार धुऊन काढणं हे मोठं काम आहे. इलिनॉयच्या पावसाने तो प्रश्न ठेवलेलाच नाही. तिथे पाइपातून बाहेर जातो तो नायट्रेट, आणि तो मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचतो.

नावाने काय कळत नाही, हेही सांगायला हवं. अर्बानाच्या विद्यापीठात १८७६ पासून चालू असलेली मॉरो प्लॉट्स नावाची प्रयोगशेती आहे, अमेरिकेतली सर्वांत जुनी, आणि ती फ्लॅनेगनवरच आहे. शेजारी ग्रंथालय बांधायचं ठरलं तेव्हा पिकावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. तिथे वर्षानुवर्षं नुसता मका घेतलेल्या तुकड्याची माती कडेच्या गवताखालच्या मातीपेक्षा फिकी आहे, तिचा बराच कर्ब गेला आहे. पण काळ्या थरासाठी नियमाची अट आहे फक्त ०.६ टक्के सेंद्रिय कर्बाची. ती अजून सहज पुरी होते, म्हणून नाव तेच. हे वर्गीकरण मातीची झीज दाखवायला बनवलेलं नाही. त्यासाठी तिथल्या नोंदवह्याच वाचाव्या लागतात.

आणि नकाशावर ती नुसती ‘१५४ ए’ असते. १५४ म्हणजे फ्लॅनेगन, ए म्हणजे जवळजवळ सपाट. खाली नळ्या आहेत का, कुठे आहेत, याचा त्यात पत्ता नाही. शंभर वर्षांपूर्वी आजोबांनी गाडलेल्या नळ्यांचा कागद बऱ्याच घरांत सापडत नाही. मग शेतकरी एक युक्ती करतात. वसंतात रान उघडं असताना, चांगला पाऊस होऊन दोन-तीन दिवस गेले की वरून फोटो काढायचा. नळीच्या माथ्यावरची माती आधी वाळते आणि काळ्या रानात फिकट रेघा उमटतात. पीक झाकायच्या आत हे करावं लागतं, नंतर काही दिसत नाही.