पोस्टरवाल्यांच्या भिंती

(दृश्य: चॅपल रोड, सकाळ. भिंतीवर खरवडणी चालू.)

जुना रंग पोपड्यांनी निघतोय. वर हिरवा, त्याखाली गुलाबी, त्याखाली कुणाच्या तरी कपाळाचा तांबूस तुकडा.

बांद्र्यात हिल रोडवरून चॅपल रोडला वळलं, की अशा भिंती सुरू होतात. लाकडी जिन्यांची, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक लोकांची जुनी घरं, आणि त्यांच्या अंगावर सिनेमातले चेहरे. इथलं कुठलंच चित्र कायमचं नाही. ऊन आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे, पायातून चढणारी ओल आहे. रंग सुटला की भिंत पुढच्या चित्राला मोकळी. अर्थात, घरमालक हो म्हणाला तर.

२०१२ साली याच रस्त्यावर रणजित दहिया यांनी 'अनारकली' रंगवली. १९५३च्या सिनेमाचं पोस्टर, भिंतभर. तिथून 'बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट' हा भिंतींवर सिनेमा रंगवायचा उपक्रम सुरू झाला. दहिया मूळचे हरियाणातल्या सोनीपतकडचे. घरांना चुना मारण्यापासून सुरुवात केली, मग चंदिगडचं कला महाविद्यालय, मग अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था. अनारकलीमागोमाग अमिताभ आले, राजेश खन्ना आले.

(दृश्य: गालाचा भाग, अगदी जवळून.)

पण चेहरा कुणाचा, हे क्षणभर सोडून द्या. रंग बघा. गालावर जांभळा, हनुवटीखाली चक्क हिरवा, नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्याचा एकच फटकारा. माणसाची कातडी अशी नसते. पण रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा, सगळं जागच्या जागी बसतं. ही सिनेमाची होर्डिंगं हाताने रंगवणाऱ्यांची रीत. चालत्या बसमधून दिसेल, असंच काढायचं. या भिंतींवर नाव नटाचं असलं तरी मान त्यांचा आहे, असं आम्हाला तरी वाटतं.

(दृश्य: परांची बांधली जातेय. दोरा, गेरू.)

आधी खरवडायचं, मग पॉलिश पेपर, मग भेगा भरायच्या. त्यावर प्रायमरचे दोन हात. ही कामं कॅमेऱ्याला कंटाळवाणी दिसतात, पण इथे घाई केली तर पहिल्याच पावसात डोळा गळून पडतो.

मग ग्राफ. हातातल्या छोट्या फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखलेल्या असतात. तेवढ्याच चौकटी भिंतीवर हव्यात. दोऱ्याला गेरू चोळायचा. एकाने वरून धरायचा, दुसऱ्याने खालून. मधे चिमटीत ओढून सोडायचा. फट्! सरळ लाल रेघ. पुन्हा गेरू, पुन्हा फट्. तासाभरात भिंतीची वही होते. मग एकेका चौकटीत जे दिसेल ते उतरवत जायचं. नाक म्हणून नाक काढायचं नाही, सातव्या चौकटीतली तिरकी रेघ काढायची.

परांचीवर उभ्या माणसाला चित्र दिसतच नाही, नाकासमोर हातभर रंग असतो फक्त. म्हणून एकजण रस्त्यापलीकडे उभा. तो ओरडतो, "डावा डोळा खाली घ्या! अजून... बास!" मधे रिक्षा आली की काम थांबतं.

होर्डिंगं रंगवणाऱ्या जुन्या स्टुडिओत कामं वाटलेली असायची. पोरं जमीन भरायची, म्हणजे मागचा सपाट रंग. अक्षरं लिहिणारा वेगळा. चेहरा मात्र उस्तादाचा. कापडावर तेलरंग, तुकडे जोडून थिएटरच्या दर्शनी भागावर चढवायचे. सिनेमा उतरला की कापड खाली, त्यावर पांढरा हात, आणि त्याच कापडावर पुढचा सिनेमा. चित्र पुसून चित्र काढायची सवय मुंबईच्या रस्त्याला तेव्हापासूनची.

(दृश्य: बाबूराव पेंटर यांचं छायाचित्र, जुनी पोस्टरं.)

आणि मराठी माणसाने ही गोष्ट कोल्हापूरपासून सांगायला हवी. बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर. नाटकांचे पडदे रंगवणारा हा कलावंत १९२० साली 'सैरंध्री' घेऊन सिनेमात उतरला. आपल्या सिनेमांची पोस्टरंही रंगवली. १९२४च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे उपलब्ध भारतीय सिनेपोस्टरांमधलं सर्वांत जुनं मानलं जातं. मकबूल फिदा हुसेनही मुंबईत आधी होर्डिंगच रंगवत होते. त्यांचं नाव झालं. बाकीच्यांच्या होर्डिंगवर कोपऱ्यात दिसलंच तर स्टुडिओचं नाव दिसायचं, ब्रश धरणाऱ्याचं नाही.

नव्वदच्या दशकात फ्लेक्स छपाई आली, आणि हे स्टुडिओ एकेक करून बंद पडले.

(दृश्य: बांद्रा रेक्लमेशन, एमटीएनएलची इमारत, खालून वर.)

२०१४ मध्ये या इमारतीच्या अख्ख्या बाजूवर दादासाहेब फाळके चढले. 'स्टार्ट मुंबई' या रस्त्यावरच्या चित्रकलेच्या महोत्सवातलं काम, दहिया आणि साथीदारांचं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवणारे फाळके त्याआधी नाटकांचे पडदेही रंगवत असत. म्हणजे पेंटरांनी आपल्यातल्याच एकाला वर चढवलं म्हणायचं.

(दृश्य: पुन्हा चॅपल रोड. चौकटींमधून डोळे, मग ओठ.)

(येथे निवेदन नाही. ब्रशचा आवाज राहू द्यावा.)

या गल्ल्यांत भिंती बघायला यायचं असेल तर सकाळी लवकर या. दहानंतर भिंतीला चिकटून गाड्या लागतात, आणि मोठमोठे नट नुसते कपाळापुरते उरतात. घरं राहती आहेत, फोटो काढायला कुणाच्या पायरीवर चढू नका. आणि हो, रस्त्यापलीकडे जाऊनच बघा.