रिकामी मात्रा

नमस्कार श्रोतेहो. आधी हे ऐका. टंऽऽग... टक. वाटी तीच, चमचाही तोच. पहिल्यांदा वाटी बोटांच्या टोकांवर पेलली होती, दुसऱ्यांदा तिची कड चिमटीत घट्ट धरली. तबलजी ज्याला खुला बोल आणि बंद बोल म्हणतात, तो फरक चार वर्षांच्या पोराला इथे न समजावता कळतो.

मुलांबरोबर घरातल्या आवाजांचं संगीत करायचं म्हटलं की आपण डबे, झाकणं, काठ्या असा ढीग जमवतो आणि पाच मिनिटांत घर डोक्यावर! माझंही पहिल्यांदा तेच झालं. आता मी उलटं करते. मिनिटभर सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं आणि ऐकू येणारे आवाज बोटांवर मोजायचे. नळाची टपटप, खुर्चीची कुरकुर, कुणाच्या तरी नाकाची सूं सूं. ती हमखास असते.

मग आठ मात्रा, म्हणजे तालाचे आठ ठोके, वाटून घ्यायच्या. कुणाकडे किल्ल्यांचा जुडगा, कुणाकडे कंगवा आणि त्याच्या दातांवरून फिरणारं नख, कुणाकडे दाराची कडी. सहावी मात्रा मात्र मुद्दाम रिकामी ठेवा. ती पाळणं भारी अवघड. कुणाचा तरी हात सुटतोच आणि खसखस पिकते. आठ मात्रांची चार-पाच आवर्तनं झाल्यावर सगळे श्वास रोखून ती जागा ओलांडतात. मला विचाराल तर संगीत तिथे सुरू होतं.

सुरांसाठी पाणी घ्या. काचेचा पेला चमच्याने वाजवत त्यात पाणी ओता, सूर उतरत जातो. कंप पावते ती काच, आणि पाण्याच्या भाराने ती संथ होते. आता अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी वाढवत फुंकर मारा. सूर चढतो! कारण इथे थरथरते ती आतली हवा, आणि तिची जागा कमी होत जाते. ओतण्याआधी मुलांना अंदाज करायला लावा. मोठ्यांनाही लावा.

१९४८ साली फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी आगगाडीचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून, जोडून त्यांची रचना केली आणि ती फ्रेंच रेडिओवरून ऐकवली. आपल्या तर खिशातच मुद्रणयंत्र आहे. मुलांचं वादन फोनवर टिपा आणि लगेच त्यांना ऐकवा.

परवा आम्ही तसं केलं. दोनदा ऐकून झाल्यावर एक जण म्हणाला, "सहाव्या मात्रेत पंखा वाजतोय."

पुढच्या वेळी पंखा बंद करायला कुणीच तयार नव्हतं.