नको म्हणणाऱ्यांचं बहुमत

[पडद्यावर : वेस्टमिन्स्टरचं संसद भवन. आतून घंटेचा आवाज.]

ही घंटा वाजली की ब्रिटिश खासदाराच्या हातात आठ मिनिटं असतात. तो जेवत असो, ग्रंथालयात असो, नाहीतर रस्त्यापलीकडच्या ऑफिसात; आठ मिनिटांत त्याला सभागृहालगतच्या दोन लॉब्यांपैकी एकीत शिरावं लागतं. सभापतींच्या उजव्या हाताला ‘होय’ची लॉबी, डाव्या हाताला ‘नाही’ची. वेळ संपली की दारं लावून घेतात. २०२० पर्यंत आत कारकून नावावर खूण करत. बाहेर पडायच्या दारात दोन मोजणीदार उभे असतात, दोन्ही बाजूंचा एकेक, आणि ते येणारं एकेक माणूस मोठ्याने मोजतात. बटण दाबून मत द्यायची सोय नाही. एका मतदानात पाव तास सहज जातो.

तिसरी लॉबी नाही. ‘बाहेर पडू, पण असं नको’ म्हणणाऱ्याला ‘इथून हलूच नका’ म्हणणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून त्याच दारातून जावं लागतं. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, वाटाघाटींत ब्रिटनच्या जनतेने खासदारांच्या नावाने बोटं मोडली. त्यातल्या बऱ्याच शिव्या रास्तही होत्या. पण निम्मा घोळ या दोन दारांनी घातला.

[पडद्यावर : जून २०१६. मतदान केंद्राबाहेरची रांग.]

२३ जून २०१६ च्या जनमतात ५१.९ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. बाहेर पडून जायचं कुठे, हे मतपत्रिकेवर विचारलंच नव्हतं. नॉर्वेसारखं संघाच्या एकसंध बाजारपेठेत, म्हणजे एकाच नियमांखाली, राहायचं, तुर्कस्तानासारखी कस्टम्स युनियन, म्हणजे समाईक जकात, ठेवायची, कॅनडासारखा नुसता व्यापार करार करायचा, की करारच न करता निघायचं? ‘बाहेर’ या एका शब्दात चारही वाटा मावत होत्या.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी जानेवारी २०१७ मध्ये आपल्या अटी जाहीर केल्या : बाजारपेठ नको, कस्टम्स युनियन नको, युरोपीय न्यायालयाचा अधिकार नको. २९ मार्च २०१७ ला त्यांनी कलम ५० ची, म्हणजे संघ सोडण्याची, नोटीस दिली आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. त्यानंतर त्यांनी, कुणी गळ घातली नसताना, मध्यावधी निवडणूक घेतली. होतं ते बहुमत गेलं, ३१७ जागा उरल्या. सरकार टिकलं ते उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या दहा खासदारांवर. मंत्रिमंडळाला एक समाईक भूमिका ठरवायला जुलै २०१८ उजाडला, म्हणजे मुदतीतले पंधरा महिने सरले होते. ती ठरली ६ तारखेला. ८ तारखेला ब्रेक्झिट मंत्री डेव्हिड डेव्हिस यांनी राजीनामा दिला, ९ ला परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी.

ब्रसेल्समध्ये युरोपीय संघाचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निए यांनी हे कोडं डिसेंबर २०१७ मध्येच एका चित्रात सोडवलं होतं. चित्रात एक जिना. वरच्या पायरीवर नॉर्वे, खाली स्वित्झर्लंड, युक्रेन, तुर्कस्तान, तळाशी कॅनडा आणि दक्षिण कोरिया. ब्रिटनच्या अटी लावत गेलं की एकेका पायरीवर काट पडते. उरते कॅनडाची पायरी, किंवा जमीन, म्हणजे करारच नाही.

[पडद्यावर : आयर्लंड. शेतातून जाणारा अरुंद रस्ता. पाटी नाही, चौकी नाही.]

कॅनडाच्या पायरीवर उभं राहायला अडचण होती ती या रस्त्याची. आयर्लंड प्रजासत्ताक आणि ब्रिटनचा उत्तर आयर्लंड यांच्यातली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची, आणि ती ओलांडणारे रस्ते दोनशेच्या वर. १९९८ च्या शांतता करारानंतर इथले लष्करी मनोरे उतरवले गेले. गिनेस बिअर डब्लिनला बनते, टँकरने बेलफास्टला जाऊन बाटलीत भरली जाते आणि विकायला पुन्हा डब्लिनला येते. कुठे थांबावं लागत नाही, कारण दोन्हीकडे जकात एक आणि नियमही एकच.

आता तीन गोष्टी मांडा. एक, या रस्त्यावर चौकी नको. दोन, कस्टम्स युनियन आणि बाजारपेठ दोन्ही सोडायच्या. तीन, उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रातही तपासणी नको. यातल्या कोणत्याही दोन एकत्र बसतात. तिसरी आली की सगळं मोडतं. मे सरकारने तिन्हींचं वचन दिलं होतं.

पहिल्या अटीवर डब्लिन हटून बसलं. तिथले पंतप्रधान होते लिओ वराडकर. आडनाव वाचून मराठी माणूस थबकतोच, आणि ते बरोबर आहे. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड.

मे यांनी काढलेली तोड म्हणजे ‘बॅकस्टॉप’ : दुसरा उपाय सापडेपर्यंत अख्खं ब्रिटन युरोपच्या कस्टम्स क्षेत्रात राहील, आणि एकट्याच्या मर्जीने त्यातून निघू शकणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ५८५ पानांचा करार तयार झाला. घंटा वाजायला लागली ती इथून.

[पडद्यावर : १५ जानेवारी २०१९. खचाखच भरलेलं सभागृह.]

जागा ६५०. सभापती आणि तीन उपसभापती मत देत नाहीत. सिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे सात खासदार राजनिष्ठेची शपथ घ्यायची नाही म्हणून सभागृहात बसतच नाहीत. चार मोजणीदारांची मतं धरत नाहीत. उरले ६३५, जिंकायला हवेत ३१८.

होय २०२. नाही ४३२. आधुनिक काळात कुठल्याही ब्रिटिश सरकारचा एवढा मोठा पराभव झाला नव्हता. ‘नाही’च्या लॉबीत मे यांच्याच पक्षाचे ११८ जण होते. बॅकस्टॉपने देश बांधला जाईल म्हणणारे कट्टर ब्रेक्झिटवाले तिथे होते, समुद्रात सीमा नको म्हणणारी डीयूपी होती, आणि मुळात ब्रेक्झिटच नको असलेले स्कॉटिश राष्ट्रवादीही होते. प्रत्येकाला वाटत होतं, हा करार पडला की माझी वाट मोकळी. दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला. तो ३०६ विरुद्ध ३२५ ने पडला. करार नको, पण सरकार राहू दे!

१२ मार्चला तोच करार पुन्हा आला आणि १४९ मतांनी पडला. १३ ला सभागृहाने करारावाचून बाहेर पडणंही नाकारलं. १८ ला सभापती जॉन बर्को यांनी १६०४ सालचा संकेत काढला : एकदा फेटाळलेला प्रस्ताव त्याच अधिवेशनात जसाच्या तसा परत आणता येत नाही.

मग खासदारांनी कामकाज सरकारच्या हातून काढून घेतलं. २७ मार्चला लॉब्या बाजूला ठेवून छापील मतपत्रिका दिल्या. आठ पर्याय, प्रत्येकापुढे होय किंवा नाही. एकालाही बहुमत नाही. १ एप्रिलला चार पर्याय घेऊन पुन्हा तेच केलं. कस्टम्स युनियन २७३ विरुद्ध २७६ ने पडली. दोघांनी बाजू बदलली असती तरी ती तरली असती. कराराला जनतेची मंजुरी घेण्याच्या पर्यायाला त्याहून जास्त, २८० मतं पडली, पण विरोधात २९२ होती म्हणून तोही पडला.

इथे खरी चूक पद्धतीत होती. कागद हातात आला तरी प्रश्न लॉबीचाच राहिला. पसंतीक्रम विचारला असता, म्हणजे पहिली पसंती पडली तर दुसरी कोणती, तर तळाचे पर्याय गळत गेले असते आणि काहीतरी एक वर उरलं असतं. होय-नाहीत मात्र दुसऱ्या पसंतीला ‘होय’ म्हणणं म्हणजे पहिलीच्या पायावर धोंडा. म्हणून मोठमोठे गट मधल्या पर्यायांना नाही म्हणाले किंवा गप्प बसले.

या दोन फेऱ्यांच्या मध्ये, २९ मार्चला, म्हणजे मूळ मुदत संपायची त्याच दिवशी, मे यांचा करार तिसऱ्यांदा पडला : २८६ विरुद्ध ३४४. यावेळी स्वपक्षाचे ३४ बंडखोर उरले होते, त्यात कट्टर ब्रेक्झिटवाले २८. ज्यांना सर्वांत आधी बाहेर पडायचं होतं, त्यांनीच बाहेर पडायचा दिवस हुकवला.

बाहेरच्या लोकांना याचा किती वीट आला असेल! सरकार एकीकडे करारावाचून निघण्याची तयारी करत होतं. एकही जहाज नसलेल्या एका कंपनीला फेरी चालवायचं १ कोटी ३८ लाख पौंडांचं कंत्राट दिलं आणि नंतर रद्द केलं. डोव्हर बंदरावर हजारो ट्रक तुंबतील म्हणून केंटमधल्या मॅन्स्टन विमानतळावर रंगीत तालीम घेतली, तिला ट्रक आले ८९. ब्रेक्झिटची तारीख कोरलेली ५० पेन्सची नाणी पाडली, आणि तारीख टळल्यावर वितळवली. मे महिन्यातल्या युरोपीय निवडणुकीत सत्ताधारी हुजूर पक्षाला चार जागा मिळाल्या. निकालाआधीच, २४ मे रोजी, थेरेसा मे यांनी राजीनामा जाहीर केला होता.

[पडद्यावर : ऑक्टोबर २०१९.]

मे यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या जॉन्सन यांनी पाच आठवडे संसद तहकूब करून पाहिली; सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. पण १० ऑक्टोबरला ते वराडकरांना इंग्लंडमधल्या विरल इथे भेटले आणि आठवडाभरात नवा करार झाला. तीनपैकी तिसरी गोष्ट सोडली : समुद्रात तपासणी चालेल. उत्तर आयर्लंडच्या मालाला युरोपचे नियम, रस्त्यावर चौकी नाही. डीयूपीला जे कधीही होऊ देणार नाही असं वर्षभरापूर्वी सांगितलं होतं, तेच.

२२ ऑक्टोबरला घंटा वाजली. होय ३२९, नाही २९९. करारावर सभागृहाने ‘होय’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ. लगेच दुसरी घंटा झाली, विधेयक तीन दिवसांत उरकण्याच्या वेळापत्रकावर : होय ३०८, नाही ३२२.

डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांना ३६५ जागा मिळाल्या आणि लॉब्यांचं गणित संपलं. ३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडलं.

[पडद्यावर : सीमेवरचा तोच रस्ता. एक टँकर न थांबता जातो.]

गिनेसचा टँकर अजूनही इथून न थांबता जातो. तपासणी होते ती बेलफास्ट आणि लार्न बंदरांवर, ब्रिटनमधूनच ब्रिटनमध्ये आलेल्या मालाची.