माचाकोस ते अबिये : शांतिदूताच्या हातात काय असतं?

(पडद्यावर : सुदान आणि केनियाचा नकाशा)

सुदानचं सरकार आणि दक्षिणेतले एसपीएलएमचे बंडखोर १९८३ पासून लढत होते. २००१ मध्ये इगाद या पूर्व आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या वतीनं केनियाचे जनरल लाझारो सुम्बेयवो विशेष दूत म्हणून पुढे आले. दिमतीला फौज नाही, कुणावर सक्ती करण्याचा अधिकार नाही. आधी कोणता विषय घ्यायचा आणि मसुदा कधी पुढे करायचा, एवढंच त्यांच्या हातात.

त्यांनी सर्वांत अवघड प्रश्न आधी घेतला. २० जुलै २००२ ला केनियातल्या माचाकोसमध्ये ठरलं : उत्तरेत शरिया कायम, दक्षिणेत सहा वर्षांच्या अंतरिम काळानंतर सार्वमत. हा क्रम अचूक होता. वेगळं होण्याची वाट मोकळी झाल्याशिवाय दक्षिणेनं तेलाच्या वाटणीवर मनापासून बोलणी केलीच नसती.

सप्टेंबरमध्ये बंडखोरांनी दक्षिणेतलं तोरित शहर घेतलं आणि सरकारचं शिष्टमंडळ उठून गेलं. लढाई चालू ठेवून बोलणी केली की हे व्हायचंच. १५ ऑक्टोबरला शस्त्रं थांबवण्याचं ठरलं, तेव्हा कुठे बैठका पुन्हा सुरू झाल्या.

मोठा फटका बसला जुलै २००३ मध्ये. केनियातल्या नाकुरूला मध्यस्थांनी उरलेले सगळे प्रश्न एकाच मसुद्यात बांधले. खार्तूमनं, म्हणजे सुदान सरकारनं, तो धुडकावला. एका कलमावरच्या रागात बाकीची कलमंही वाहून जातात. आपलाच कागद बाजूला ठेवणं हे दूताच्या कामातलं सर्वांत कठीण काम, पण ते केलं गेलं. सप्टेंबरपासून केनियातल्याच नैवाशात सुदानचे उपाध्यक्ष अली उस्मान ताहा आणि एसपीएलएमचे नेते जॉन गरांग समोरासमोर बसले, एकेक विषय सुटत गेला. उदाहरणार्थ तेल : राखीव खात्याची रक्कम आणि उत्पादक राज्याचे किमान २ टक्के वजा जाता दक्षिणेतल्या तेलाचं उत्पन्न निम्मं-निम्मं.

उत्तर-दक्षिण सीमेवरच्या अबिये प्रदेशावर मात्र दोघंही हटेनात. मार्च २००४ मध्ये अमेरिकेचे दूत जॉन डॅनफोर्थ यांनी तत्त्वांचा मसुदा दिला, त्यावर मे महिन्यात करार झाला. तिथलं भवितव्य, म्हणजे उत्तरेत राहायचं की दक्षिणेत जायचं, मतदानानं ठरायचं होतं. मतदार कोण? न्गोक डिंका समाज आणि तिथं राहणारे इतर सुदानी. वर्षातले काही महिनेच गुरं घेऊन येणारे मिसेरिया जमातीचे लोक रहिवासी धरायचे का? हा निकष पुढे नेमल्या जाणाऱ्या आयोगावर सोडला. ते कलम वाचताना आजही चुटपुट लागते.

९ जानेवारी २००५ ला नैरोबीत सर्वंकष करारावर सह्या झाल्या. २०११ मध्ये दक्षिणेचं सार्वमत ठरल्याप्रमाणे पार पडलं. अबियेचा आयोग नेमलाच गेला नाही, मतदान झालं नाही, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सुदानच्या फौजा अबियेत शिरल्या.