पथ्य तपासणीचं आणि पथ्य आयुष्याचं

पत्रिकेवर विषय छापलाय 'मोठं आतडं आणि आहार'. काय खावं, काय टाळावं हे ऐकायला तुम्ही आला आहात आणि ते मी सांगणारच आहे. पण आधी तपासण्यांबद्दल बोलू द्या. मोठ्या आतड्याची पथ्यं दोन तऱ्हेची असतात. एक आजार टाळण्यासाठी, वर्षानुवर्षं पाळायचं. दुसरं तपासणीचं उत्तर खरं यावं म्हणून, दोन-चार दिवसांपुरतं. ही दोन्ही बऱ्याचदा एकमेकांच्या अगदी उलट असतात. त्यांची गल्लत झाली की कुणाचा आजार नजरेतून सुटतो, तर कुणाच्या मागे नसत्या आजाराची भीती लागते.

गल्लत आली कुठून, ते बघू. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायची जुनी चाचणी ग्वायकम या झाडाच्या राळेवर चालते. राळ लावलेल्या कागदावर नमुना पसरायचा, वरून हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकायचे. रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, पेरॉक्सिडेज या एन्झाइमसारखं काम करतं आणि कागद निळा होतो. अडचण अशी की हीम माणसाचं आहे की ताटातल्या मांसाचं, हे त्या कागदाला कळत नाही. कच्चा मुळा, फ्लॉवर, ब्रोकोली, खरबूज यांत तर स्वतःचंच पेरॉक्सिडेज असतं. म्हणून तीन दिवस लाल मांस बंद, या कच्च्या भाज्या-फळं बंद. 'क' जीवनसत्त्वाचं उलटं आहे. दिवसाला 250 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते रंग उमटूच देत नाही. रक्त असूनही कागद कोरा राहतो. म्हणजे खाण्यामुळे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकत होतं. तीन लागोपाठच्या शौचांतून, प्रत्येक वेळी दोन जागांचे नमुने घ्यायचे, कारण गाठ रोज रक्त सोडतेच असं नाही. इतकी कटकट असूनही या चाचणीने जीव वाचवले. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1993 साली आले. दरवर्षी ही चाचणी देऊ केलेल्या गटात 13 वर्षांत आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 33 टक्क्यांनी कमी होते.

आता तिची जागा मोठ्या प्रमाणावर 'फिट' (FIT) या शौचाच्याच नव्या चाचणीने घेतली आहे. ती हीम शोधत नाही, माणसाच्या हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिन शोधते. त्यासाठीची प्रतिपिंडं माणसाच्याच ग्लोबिनला चिकटतात. जनावराचं मांस, मुळा, बीट, गोळीतलं 'क' जीवनसत्त्व, कशाचाही तिच्याशी संबंध नाही. जठरात रक्त आलं तर ग्लोबिन वाटेतच पचून जातं, त्यामुळे ही चाचणी मुख्यतः मोठ्या आतड्याबद्दलच बोलते. नमुनाही बहुधा एकच लागतो. जेवणाचं पथ्य शून्य.

पथ्य नसलं तरी नमुना घेण्याची रीत मात्र सांभाळावी लागते. शौच भांड्यातल्या पाण्यात पडू द्यायचं नाही. पाण्यात रक्त धुऊन जातं. आधी कागद किंवा कोरडं भांडं धरा. नळीतल्या काडीच्या टोकाला खाचा असतात. ते टोक पृष्ठभागावर चार-पाच जागी ओढा. खाचा भरल्या की पुरे. वर गोळा चिकटवून दिलात तर नळीतल्या द्रवाचं प्रमाण बिघडतं आणि आकडा चुकतो. तारीख लिहा आणि नमुना लवकर पोचवा. उन्हात तापलेल्या गाडीत नळी पडून राहिली तर हिमोग्लोबिन विघटित होतं आणि चाचणी खोटी नकारात्मक येते. पाळी चालू असेल तर थांबा.

आता माझी खरी तक्रार, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. फिट सकारात्मक येते. घरातलं पहिलं वाक्य काय? "परवा काहीतरी खाण्यात आलं असेल." दुसरं वाक्य, "मूळव्याध आहेच की." मग आठवडाभर पथ्य करून पुन्हा चाचणी. ती नकारात्मक येते, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि कागद कपाटात जातो. यातली प्रत्येक पायरी चूक आहे. या चाचणीत अन्नाचा दोष असूच शकत नाही. तो दोष जुन्या कागदाचा होता. मूळव्याध असलेल्या माणसाला पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवरचा फुगवटा, होत नाही असा काही नियम नाही. दोन्ही एकाच वेळी असतात. आणि दुसऱ्या चाचणीने पहिली रद्द होत नाही, कारण पॉलिप आणि गाठी थांबून थांबून रक्त सोडतात. एका वेळच्या फिटमध्ये दहापैकी साधारण आठ कर्करोग सापडतात. मोठ्या ॲडिनोमांपैकी, म्हणजे ज्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो अशा पॉलिपांपैकी, निम्मेही नाहीत. ज्या दिवशी रक्त नव्हतं त्या दिवशीची चाचणी रक्त नव्हतं एवढंच सांगते. सकारात्मक फिटचं उत्तर एकच: कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासणं. फिट सकारात्मक आलेल्या 70 हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. दहा महिन्यांनंतर कोलोनोस्कोपी झालेल्यांत कर्करोग आणि पुढच्या टप्प्यातला कर्करोग, दोन्ही जास्त निघाले. आठवडाभराच्या उशिराने आभाळ कोसळत नाही. पण 'पुन्हा एकदा करून बघू' म्हणणाऱ्या घरांत वर्ष कसं सरतं ते कळतही नाही.

कोलोनोस्कोपीच्या वेळी पथ्याची गोष्ट नेमकी उलटी होते. इथे खाणं फार महत्त्वाचं, आणि सूचनेच्या कागदावर पुष्कळदा एवढंच छापलेलं असतं: 'आदल्या दिवशी हलका आहार.' सुज्ञ माणूस मग काय करतो? कोशिंबीर, सालासकट फळं, मोडाची कडधान्यं, अख्ख्या धान्याची पेज. एरवी हे उत्तम खाणं, पण या दिवशी सगळ्यात वाईट. टोमॅटोच्या बिया, कणसाचे दाणे, फळांच्या साली पचत नाहीत. त्या दुर्बिणीच्या नळीत अडकतात आणि आतड्याच्या भिंतीवर चिकटून बसतात. उजव्या बाजूचे चपटे पॉलिप आधीच श्लेष्माखाली लपलेले असतात, त्यांच्यावर आणखी थर चढतो.

तेव्हा लिहून घ्या. आदल्या दिवशी पांढरा भात, पांढरा ब्रेड, अंडं, दही, सोललेला शिजवलेला बटाटा चालतो. बिया, साली, सुका मेवा, कडधान्यं, कच्च्या भाज्या नकोत. बद्धकोष्ठ असेल किंवा आधीची तयारी फसली असेल तर हे दोन-तीन दिवस आधीपासून. त्यानंतर फक्त आरपार दिसणारे द्रव. लाल-जांभळी सरबतं नकोत, आत ती रक्तासारखी दिसतात. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी डॉक्टरांना विचारून थांबवा, त्यांनी शौच काळं आणि चिकट होतं. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर ते तारीख घेतानाच सांगा.

साफ करण्याचं औषध दोन भागांत घ्या. निम्मं आदल्या संध्याकाळी. उरलेलं तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवायचं. यासाठी पहाटे उठावं लागतं म्हणून लोक सगळं रात्रीच पिऊन टाकतात. मग रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव उतरतो आणि उजवी बाजू पुन्हा माखते. शेवटचं शौच पिवळसर, पाण्यासारखं, तळ दिसेल असं हवं. डॉक्टर आतड्याच्या तीन भागांना शून्य ते तीन गुण देतात. प्रत्येक भागाला किमान दोन मिळायला हवेत. नाहीतर सगळं पुन्हा.

अशीच आणखी एक गोष्ट. दीर्घकाळ जुलाब होत असतील आणि सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, शंका असेल, तर रक्त देण्याआधी गहू सोडू नका. ग्लूटेन बंद केलं की प्रतिपिंडं खाली येतात आणि आजार असूनही चाचणी कोरी येते. आतड्याची सूज दाखवणारं शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन वेदनाशामक गोळ्यांनी वाढू शकतं. नमुना देताना त्या गोळ्यांबद्दल सांगा.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली आहेत. आता छापलेला विषय भरभर घेतो.

प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 साली कर्करोगकारक ठरवलं. रोज 50 ग्रॅमला धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. हा सापेक्ष आकडा आहे: शंभरात पाच जणांना होणार असेल तर सहा जणांना होईल. लाल मांसाबद्दलचा पुरावा 'बहुधा' या दर्जाचा. मद्य धोका वाढवतं, वाढलेलं वजनही. अख्खं धान्य रोज 90 ग्रॅम खाणाऱ्यांत धोका साधारण 17 टक्क्यांनी कमी दिसतो. दुधाच्या बाजूनेही बरा पुरावा आहे.

तंतुमय अन्नाबद्दल खरं ते सगळं सांगतो. पॉलिप काढलेल्या 2,079 लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2000 साली आले. एका गटाला चार वर्षं कमी चरबी, भरपूर तंतू. पॉलिप पुन्हा होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच. याचा अर्थ तंतू निरुपयोगी असा नाही. पॉलिपचा कर्करोग व्हायला दशक लागतं, चार वर्षं अपुरी. पण कोंडा खातो म्हणून कोलोनोस्कोपी नको, असं म्हणायला यात कसलाच आधार नाही.

डायव्हर्टिक्युला, म्हणजे आतड्याच्या भिंतीला आलेल्या छोट्या पिशव्या, असलेल्यांना दाणे-बिया वर्ज्य सांगतात. 47 हजारांहून अधिक पुरुषांना 18 वर्षं पाहिलेल्या अभ्यासात दाणे आणि पॉपकॉर्न खाणाऱ्यांना या आजाराचा त्रास जास्त झाला नाही. बिया टाळायच्या त्या दुर्बिणीच्या आधी. तपासणी झाली, पॉलिप काढल्यामुळे डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवसापासून अख्खं धान्य, डाळी, सालासकट फळं पुन्हा ताटात घ्या. प्रश्न कागदावर लिहून पुढे पाठवा, नाव घातलं नाही तरी चालेल.